काड्या, करवंट्या आणि मापटं: खेळातून लहान-मोठं शिकवताना

वाचकाचं पत्र

मी देवगड तालुक्यात राहते. मुलगी साडेचार वर्षांची आहे, मुलगा अडीच वर्षांचा. मुलीला लहान-मोठं नीट समजत नाही असं शाळेतून सांगितलं, म्हणून मी वर्कबुक आणलं. त्यातलं हत्ती-उंदीर, घर-झोपडी ती बरोबर करते. पण खऱ्या दोन काड्या पुढे ठेवल्या की लांब कोणती हे चुकतं आणि तीन वस्तू क्रमाने लावायला सांगितल्या की ती गोंधळते. सरबतावरून तर रोज भांडण. उंच पेल्यातलंच जास्त, असं ती धरून बसते आणि समजावलं तरी पटत नाही. लाकडी खेळण्यांचे संच परवडणारे नाहीत. घरातल्या वस्तूंनी शिकवता येईल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर

ताई,

आधी सरबताचं बघू, कारण त्यात मुलीची काहीच चूक नाही. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी मुलांसमोर दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी ठेवलं, ते सारखं असल्याचं मुलांकडून वदवून घेतलं आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं. सहा-सात वर्षांखालची बहुतेक मुलं तरीही उंच पेल्यात जास्त पाणी आहे असंच म्हणतात. पाण्याची वर चढलेली पातळी त्यांना दिसते. पेला अरुंद झाला हे त्याच वेळी ध्यानात ठेवणं त्या वयात जमत नाही. ते समजावून येत नाही, दोन-तीन वर्षांत भांड्यांशी खेळता खेळता येतं. तोवर घरात दोघांना एकाच मापाचे दोन पेले ठेवा. मुलीने दोन्ही पेले भरायचे आणि कोणता घ्यायचा ते धाकट्याने ठरवायचं. म्हणजे ओतताना ती स्वतःच वाकून दोन्ही पातळ्या जुळवायला लागेल. तुम्हाला जी तुलना शिकवायची आहे ती हीच, आणि ती ती आपणहून करील.

आता वर्कबुक. पानावर हत्ती आणि उंदीर बहुतेक वेळा सारख्याच आकाराचे छापलेले असतात. मूल बरोबर उत्तर देतं ते हत्ती मोठा असतो हे आधीच माहीत असतं म्हणून. दोन चित्रांची तुलना त्यात होतच नाही. त्यामुळे तुमच्या मुलीला हत्ती येतो आणि काड्या येत नाहीत यात काही विसंगती नाही. काड्यांबद्दल आधीपासून माहीत असलेलं काही नसतं, त्या मापूनच बघाव्या लागतात. मापून बघायची रीत तिला अजून कोणी दाखवलेली नाही, एवढंच.

ती रीत अशी. दोन वस्तू शेजारी शेजारी आणायच्या, एक टोक जुळवायचं आणि दुसऱ्या टोकाला काय होतं ते बघायचं. या वयाची मुलं फक्त वरच्या टोकाकडे बघतात. दोन सारख्या काड्यांपैकी एक थोडी पुढे सरकवली की ती त्यांना लांब वाटते. म्हणून पहिले कितीतरी दिवस 'लांब कोणती?' हा प्रश्न विचारू नका. काड्यांची टोकं जुळवण्याची सवय लावा.

काड्यांसाठी खराट्याचे सुके हीर घ्या. ओल्या चुडताचे (माडाच्या झावळीचे) काढलेले हीर सुकताना वाकतात. हीर बुडाशी जाड आणि शेंड्याला बारीक असतो, म्हणून मधलाच भाग कापा. नाहीतर मूल लांबीऐवजी जाडीकडे बघेल. आधी 30 आणि 20 सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरेत. दोन्ही टोकं कात्रीने सरळ कापून जांभ्या दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासा, कारण हिराचं टोक डोळ्याला लागलं तर मोठी इजा होते. काड्यांचा खेळ बसूनच, हातात घेऊन धावायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती हीर देऊ नका.

काड्या जमिनीवर आडव्या ठेवून त्यांचं एक टोक भिंतीला किंवा उंबऱ्याला टेकवा. 'दोघींचे पाय भिंतीला लावू या' असं म्हटलं की मुलाला लगेच कळतं. मग जी पुढे आली ती लांब. चुकीचं उत्तर आलं तरी 'नाही, चुकलं' म्हणू नका. 'भिंतीला लावून बघ' एवढंच म्हणा. उत्तर काडीने द्यायचं, तुम्ही नाही. मुलीने उत्तरासाठी तुमच्या चेहऱ्याकडे बघणं थांबवलं की अर्धं काम झालं असं समजा. आम्ही पुढे सांगतोय ते सगळे खेळ याच एका गोष्टीसाठी निवडले आहेत: चूक झाली तर ती वस्तूच दाखवते, मोठ्या माणसाला बोलावं लागत नाही.

हे अंगवळणी पडलं की मुठीचा खेळ घ्या. तीन काड्या मुठीत अशा धरा की वरची टोकं एका पातळीत येतील आणि बाकीचा भाग हातामागे झाकलेला राहील. एक ओढायला सांगा. ओढल्याशिवाय लांबी कळत नाही, आणि दोन्ही टोकं बघावी लागतात हे मुलांच्या खरोखर लक्षात येतं ते इथे. दोन-चार वेळा खेळलं की मुलं मूठ स्वतःकडे घेतात आणि तुम्हाला काडी ओढायला लावतात. जरूर ओढा. कधी आखूड काडी तुमच्या वाट्याला आली की भिंतीशी लावून बघायला मुलीलाच सांगा.

तीन वस्तूंशी ती गोंधळते याचं कारण मधली वस्तू. ती एकीपेक्षा लांब असते आणि त्याच वेळी दुसरीपेक्षा आखूड. लहान मुलाच्या मनात एक वस्तू एकतर लांब असते नाहीतर आखूड, त्यामुळे पाच काड्या दिल्या की ती लांब-आखूड, लांब-आखूड अशा जोड्या लावतात. काही मुलं वरची टोकं जिन्यासारखी चढती लावतात, पण खालची टोकं वाटेल तिथे सोडतात. तुमच्याकडेही हे दिसेल. दुसऱ्या चुकीला भिंत पुरते. पहिलीसाठी दरवेळी एकच वाक्य वापरा: 'उरलेल्यांत सगळ्यात लांब कोण?' ती काडी उचलून भिंतीशी लावायची, मग पुन्हा उरलेल्यांत बघायचं. आधी तीन काड्या (30, 20, 10 सेंटिमीटर), मग पाच (30, 25, 20, 15, 10). दोन काड्यांतला फरक 2 सेंटिमीटरवर आणायची घाई करू नका, ते पाच-साडेपाच वर्षांनंतरही चालेल. पाच काड्या न अडखळता लावता आल्या की सहावी, साडेबावीस सेंटिमीटरची, तिच्या हातात द्या आणि 'हिचं घर कुठे?' विचारा. लावलेला क्रम मोडून सगळं पहिल्यापासून लावलं तर लावू द्या. न मोडता मधली जागा शोधणं बरंच पुढचं आहे.

महागड्या संचांबद्दल. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंत एकेक सेंटिमीटरने वाढत जातात आणि लांब दांडे 10 सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत जातात. दांड्यांची जाडी सगळीकडे तीच, फक्त लांबी बदलते. त्या साहित्याचं मोल लाकडात नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलण्यात आहे, आणि ते हिरांनीही साधतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, उत्तरेकडच्या बोर्डीला, बालशिक्षणाचं काम उभं केलं तेव्हा विकत आणायच्या साहित्याऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच भर दिला होता. तुम्ही जे करू पाहताय त्याला इथे जुनी परंपरा आहे, हे शाळेत सांगायलाही हरकत नाही.

धाकट्यासाठी झाकणं. स्टीलचे तीन डबे घ्या, तोंडं साधारण 15, 10 आणि 6 सेंटिमीटरची. सगळे एकाच रंगाचे हवेत. प्लॅस्टिकचे रंगीत डबे दिले तर मूल रंग जुळवतं आणि आकार शिकला असं आपल्याला वाटत राहतं. झाकणं सैल बसणारी घ्या. घट्ट झाकण योग्य डब्यावर असूनही बसत नाही, मग मुलाला ते चुकलं असं वाटतं. सुरुवातीला दोनच डबे. करवंट्याही छान, एकीत एक बसवायला. मात्र एकाच माडाचे नारळ बहुधा सारख्याच मापाचे असतात, त्यामुळे वेगवेगळ्या माडांच्या करवंट्या लागतील, तोंडात दीड-दोन सेंटिमीटरचा फरक असलेल्या. डोळ्यांच्या बाजूच्या सगळ्या किंवा बुडाच्या सगळ्या, असं एकाच बाजूचं घ्या, म्हणजे आकार सारखा राहील. कडा घासून गुळगुळीत करा आणि आतली साल खरवडून काढा. नसेल जमत तर स्वयंपाकघरातल्या वाट्या आहेतच.

आंब्याच्या दिवसांत तुमच्या गावात याहून चांगला धडा आपोआप मिळतो. पेटी भरताना आंबा आकाराने निवडतात. चार डझनांच्या पेटीतलं फळ मोठं, सहा डझनांच्या पेटीतलं लहान, आणि पेटी तेवढीच. मुलीला हापूसाला हात लावू देणं कदाचित शक्य होणार नाही, डाग पडला तर नुकसान. तिला वीस-पंचवीस रायवळ आंबे द्या. ताजे उतरवलेले नकोत, देठाचा चीक लागून कातडी भाजते. चीक गळून गेलेले, पुसलेले आंबे द्या. आधी दोन टोपल्या: मोठे आणि लहान. काही आंबे कुठल्याच टोपलीत जात नाहीत असं तिला वाटेल, ती आंबा हातात धरून थांबेल. त्या क्षणी तिसरी टोपली पुढे सरकवा. मधल्या वस्तूची अडचण इथे ती स्वतः सोडवते. दुसऱ्या दिवशी एकाच टोपलीत आधी मोठे आंबे भरून मोजा, मग रिकामी करून लहान भरून मोजा. मोठे कमी मावतात, लहान जास्त. हा उलटा संबंध साडेचार वर्षांच्या मुलाला पटेलच असं नाही, पण मोजलेलं लक्षात राहतं आणि पुढे मोजमाप शिकताना उपयोगी पडतं.

मोसम नसताना हेच काम शिंपल्यांवर करता येतं. ओहोटीला पुळणीवर जाऊन एकाच जातीचे रिकामे शिंपले वेचा. लांबट शंख आणि पसरट शिंपला शेजारी ठेवला तर मोठा कोणता यावर मोठ्या माणसांचंही एकमत होणार नाही. एकाच जातीचे असतील तर प्रश्न सुटतो. शंखात खेकडा राहत नाही ना ते बघून घ्या, असला तर तो शंख तिथेच ठेवा. ओल्या वाळूवर एक सरळ रेघ ओढा आणि शिंपल्यांची बुडं त्या रेघेवर टेकवून ओळ लावायला सांगा. रेघ हीच इथली भिंत. पावलांचे ठसेही घ्या: बाबांच्या ठशात मुलीने पाऊल ठेवायचं, मुलीच्या ठशात धाकट्याने. पाण्याकडे पाठ करून बसू नका. पावसाळ्यात समुद्राकडे जायचंच नाही, पडवीत हीर आणि डबे पुरेसे आहेत.

घरात माळ्यावर धान्य मोजायची जुनी मापं असतील तर खाली काढा. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. शेरापर्यंत प्रत्येक पायरीला दुप्पट होणारं असं साहित्य बाजारात शोधून मिळणार नाही. चिपटं आणि मापटं एवढ्यावरच सुरू करा. सुकी, चाळलेली वाळू घ्या. ओल्या वाळूचे गोळे होतात, मापात पोकळ्या राहतात आणि दोन चिपट्यांत मापटं भरत नाही. शीग ठेवून भरलं तरी हिशेब चुकतो, तेव्हा प्रत्येक वेळी पट्टीने वरून पुसून घ्यायला शिकवा. मुलांना हे पुसणं फार आवडतं. तांदूळ वापरलेत तर खाली चटई घाला. मापं नसतील तर एक वाटी आणि तिच्या दोन वाट्यांनी काठोकाठ भरेल असं एखादं भांडं शोधा, ते शोधणंही मुलीबरोबरच करा.

वजन शेवटी, आणि थोडक्यात. साधारण 60 सेंटिमीटरची बांबूची काठी मधोमध दोरीने टांगा, दोरी सरकू नये म्हणून तिथे खाच पाडा. दोन्ही टोकांना तीन-तीन भोकं पाडलेली एकेक करवंटी सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी बांधा. रिकामा तराजू आडवा राहिला पाहिजे. एक बाजू वर गेली तर त्या करवंटीच्या खाली थोडी माती चिकटवा. मग एकीकडे नारळाच्या सोडणाचा (वरच्या काथ्याच्या सालाचा) मोठा तुकडा आणि दुसरीकडे लहानसा दगड. मोठं ते जड असतंच असं नाही, हे मुलगी बघेल. आधी दोन्ही हातांत धरून अंदाज सांगायला लावा.

आता ज्या वस्तू वापरायच्या नाहीत त्या, आणि यात धाकटा घरात आहे हे धरून चला. जी वस्तू पूर्ण तोंडात मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या आसपास नको: सुपारी, फणसाची आठळी, चिंचोके, लहान शिंपले, सगळं. कच्ची काजूबी कुणाच्याच हाती नको. टरफलातलं तेल ओठांना आणि कातडीला भाजतं, आणि मुलं ती दाताने फोडायला बघतात. गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी आहेत, चावली गेली तर जिवावर बेततं. एरंडाच्या बियाही तशाच.

शब्दांबद्दल थोडं. मुलं आधी 'मोठं' शिकतात आणि तो एकच शब्द उंच, लांब, जाड, रुंद, जड, एवढंच काय वयाने थोर अशा सगळ्यांसाठी वापरतात. म्हणून वस्तू हातात असताना नेमका शब्द तुम्ही बोला: 'ही काडी त्या काडीपेक्षा लांब', 'हा डबा त्या डब्यापेक्षा उंच'. एका आठवड्यात एकच जोडी. आखूड, बुटका, उथळ, अरुंद हे शब्द उशिरा येतात. मूल 'लांब नाही' म्हणालं तर ते उत्तर बरोबर धरा आणि 'हो, आखूड' असं जोडा. घरात मालवणी बोलत असाल तर खेळही मालवणीतच होऊ दे, 'मोठो-ल्हान' म्हणत. समज घरच्या बोलीत पक्की झाली की शाळेतले शब्द त्यावर बसायला वेळ लागत नाही.

एका बाबतीत मात्र तुलना करू नका. शेजारच्या मुलाशी किंवा भावाशी उंची लावून 'बघ, तो तुझ्यापेक्षा उंच झाला' म्हणणं मुलांना लागतं, आणि त्यातून माप काही कळत नाही. मुलीची तुलना तिच्या स्वतःच्या जुन्या खुणेशी करा. दाराच्या चौकटीला टाचा टेकवून, अनवाणी, समोर बघत उभं करा. डोक्यावर एक वही आडवी, चौकटीला काटकोनात धरा आणि तिच्या खाली पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. सकाळीच घ्या, कारण दिवसभर उभं राहून संध्याकाळी उंची किंचित कमी भरते. या वयात वर्षाला साधारण 6 सेंटिमीटर वाढ होते, त्यामुळे दर आठवड्याला मोजलं तर काही दिसणार नाही आणि मूल हिरमुसेल. सहा महिन्यांनी मोजा.

रोज दहा मिनिटं बस झाली. ती रंगात असतानाच आवरा, म्हणजे उद्या ती आपणहून काड्या काढील. एखाद्या दिवशी तिला काड्यांची माणसं करून खेळायचं असेल तर तेच होऊ दे.

शाळेत असं सांगा: साडेचार वर्षांच्या मुलाने स्पष्ट फरक असलेल्या दोन वस्तू टोक जुळवून ओळखाव्यात आणि तीन वस्तू चुकत-सुधारत लावाव्यात, एवढी अपेक्षा योग्य आहे. तुमची मुलगी तिथेच आहे, फक्त टोक जुळवायचं राहिलंय. काळजी करावी ती पुढच्या गोष्टी दिसल्या तर: सहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरही शेजारी ठेवलेल्या, उघड फरक असलेल्या दोन वस्तूंत लांब कोणती हे कळत नसेल, घरच्या बोलीतल्या दोन टप्प्यांच्या साध्या सूचना ('डबा आण आणि झाकण लाव') समजत नसतील, किंवा वस्तू डोळ्यांजवळ नेऊन बघत असेल. डोळ्यांजवळ नेत असेल तर वयाची वाट न बघता आधी नजर तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करतात, त्यांची तारीख अंगणवाडी सेविकेकडून कळेल.

वर्कबुक टाकू नका. त्यातली पानं सारखी नसतात. दोन पेन्सिली, दोन रेघा, दोन फिती अशी एकाच जातीची चित्रं असलेली पानं ठेवा आणि त्या चित्रांवर दोरा धरून, तिथेच कापून, दोन्ही दोरे भिंतीला टेकवून बघायला मुलीला शिकवा. हत्तीचं पान तिला रंगवायला द्या.